कॉफी भाजली की एक मजला वर

कढईतल्या कॉफीच्या बिया तडतडायला लागल्या आणि इंदुमती भुयार यांचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर गेला. धक्का वगैरे काही बसला नाही. खिडकीतून दिसणारी शेजारची गच्ची जराशी खाली गेली, एवढंच. बिया एका बाजूनं करपत होत्या म्हणून बाईंनी आच कमी केली.

या बिया त्यांच्या भाच्यानं चिखलदऱ्याहून आणल्या होत्या, कच्च्या आणि फिकट हिरव्या. शेंगदाणे भाजतात तशा त्या लोखंडी कढईत सारख्या हलवाव्या लागत होत्या. आधी ओल्या गवताचा वास आला, मग भाजलेल्या पावाचा. बाईंनी बिया सुपात ओतून साल पाखडली, तेवढ्यात दार वाजलं.

दारात सोसायटीचे सेक्रेटरी खंडारकर उभे होते. ते पहिल्या मजल्यावर राहत.

"भुयारबाई, तुम्ही तिसऱ्यावर आहात."

"हो ना. आत्ताच आले."

"मग तिसऱ्यावरच्या टवलारे आजी?"

"त्या आमच्या जागी गेल्या असतील. एका जागेत दोन घरं कशी राहणार?"

खंडारकरांना हे पटलं. ते खाली उतरले, तर द्वारकाबाई टवलारे खरोखरच दुसऱ्या मजल्यावर आपल्या दारात उभ्या होत्या. त्या ऐंशीच्या पुढच्या, एकट्या. इमारतीला लिफ्ट नव्हती आणि गुडघे गेल्यापासून त्या खाली उतरल्या नव्हत्या. भाजीसाठी दोरीनं टोपली सोडत आणि भाजीवाला टाकेल ते खात. तो बहुतेक किडकी वांगीच टाकत असे.

"खंडारकर, भाजीवाल्याची मिशी दिसून राहिली इथून," आजी म्हणाल्या. त्यांचा चेहरा उजळला होता. "इंदूला म्हणा, अजून भाज."

"तसं चालणार नाही," मागून उतरत आलेल्या भुयारबाई म्हणाल्या. "मी भाजली तर मीच वर जाईन, गच्चीवर. तुम्हाला खाली यायचं तर तुमच्या खालच्यानं भाजली पाहिजे."

दोघी खंडारकरांकडे पाहू लागल्या.

खंडारकरांनी संध्याकाळी जिन्यातच बैठक घेतली. नळ, मीटर आणि नावाची पाटी घराबरोबर जाईल, पायऱ्या आहेत तिथंच राहतील, असं ठरलं. मग त्यांनी भुयारबाईंकडून वाटीभर बिया नेल्या. पण ते स्वभावानं भित्रे. बिया सोनेरी झाल्याबरोबर त्यांनी गॅस बंद केला. घर अर्धा मजलाच चढलं, आजींचं घर अर्धा मजलाच उतरलं, आणि दोन्ही घरं एकाच उंचीवर आली. खंडारकर वळून बघतात तर ओट्याशेजारी आजींचा पलंग, आणि पलंगावर आजी.

"थांबला काऊन?" त्यांनी विचारलं.

"आजी, रंग आला होता."

"रंग पाहू नको. कान दे."

खंडारकरांनी पुन्हा गॅस पेटवला. आजी पलंगावर बसूनच सांगत होत्या, हलव, हलव, तळाशी लागून राहिली. धूर झाला. पहिली बी फुटली, मग चार, मग सगळ्या. खंडारकरांनी आनंदानं मान वर केली तेव्हा पलंग नव्हता आणि ते दुसऱ्या मजल्यावर होते.

आता उरला तळमजला. तिथं प्रल्हाद इंगोले राहायचा. तो गाड्यांची सीटकव्हरं शिवायचा, आणि त्याला उंचीची भीती वाटायची. स्टुलावर उभं राहूनही त्याला घाम फुटे.

"पहिला मजला म्हणजे काही उंची नाही," खंडारकर म्हणाले.

"तुम्हाला नसंल," प्रल्हाद म्हणाला. "मी नाही भाजत. मी चहा पितो."

कुणी जबरदस्ती केली नाही. दोन दिवस तसेच गेले. तिसऱ्या दिवशी आजी पहिल्या मजल्याच्या कठड्यावरून वाकल्या.

"प्रल्हाद, तुले वर भीती वाटते नं?"

"हो, आजी."

"मले वर कंटाळा येते. भीती चार दिवसांत जाते, बाप्पा. कंटाळा जात नाही."

प्रल्हादनं हातातली शिवण पुरी केली. मग उठून भुयारबाईंची कढई आणि वाटीभर बिया मागून आणल्या. त्यानं डोळे गच्च मिटून बिया भाजल्या, नुसत्या आवाजावर. तडतड थांबल्यावर डोळे उघडले, तर खिडकीला कडुनिंबाची फांदी टेकलेली. आजवर त्यानं त्या झाडाचं फक्त खोड पाहिलं होतं. फांदीवर एक साळुंकी बसली होती. ती उडून जाईपर्यंत तो हलला नाही, आणि गेल्यावर खिडकीतून खाली पाहिलं. घाम फुटला, पण थोडाच.

खाली द्वारकाबाई उंबऱ्याबाहेर आल्या होत्या. त्यांनी हातगाडीवरची वांगी एकेक दाबून पाहिली, बरीचशी नाकारली, आणि भाजीवाल्याला त्याच्या मिशीबद्दलही दोन शब्द सुनावले. त्याला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही.

नंतर त्या दारापुढे खुर्ची टाकून बसू लागल्या. एकदा बॅग घेतलेला एक अनोळखी माणूस आला आणि त्यानं विचारलं, "खंडारकर पहिल्या मजल्यावर ना?"

"होते. आता दुसऱ्यावर आहेत," आजी म्हणाल्या. "पण लवकर जा. त्यांना भाजायचा नाद लागला आहे, आत्ताच कढई चढवली."

त्या माणसानं नाक वर करून वास घेतला.

"अजून गवताचाच येतोय," तो म्हणाला. "वेळ आहे." आणि बॅग खांद्यावर सरकवून तो सावकाश पायऱ्या चढू लागला.