लाल बाणाखालचे दिघे

दिघ्यांच्या गाडीत बसायचं तर जेवून बसावं. टाकी काठोकाठ भरलेली असली तरी रस्त्यात जुना पेट्रोल पंप दिसला की हा गृहस्थ करकचून ब्रेक मारतो. मग कॅमेरा निघतो आणि आपण मागच्या सीटवर उकडत बसतो.

दिघे मूळचे नाशिकचे. सौदी अरेबियातल्या दम्माममध्ये आमच्या कंपनीत मला सीनियर, लग्नाच्या भानगडीत न पडलेले. तेलासाठी अमेरिकन आले, त्या काळात इथल्या रस्त्यांवर त्यांच्या थाटाचे पंप, मोटेल, कॅफेटेरिया उभे राहिले. तिरपी छपरं, वर निऑनच्या पाट्या. त्यातलं जे उरलंय ते दिघ्यांचं दैवत. "काय ऐट आहे बघा!" हे त्यांचं पालुपद. ताजमहाल बघायला नेलं तरी हे पार्किंगची पाटी बघत बसतील.

फोटोची वेळ ठरलेली, मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाची. "दुकानं बंद, समोर एक गाडी नाही, आकाश निळं आणि पाटी पेटलेली. यल्ला, चला!" एकदा पोलिसाने हटकलं. तो कॅमेऱ्यातले फोटो बघत गेला. पंप, पाटी, पंप, पाटी. "घरवाला कोई नहीं?" त्याने मोडक्या हिंदीत विचारलं आणि कीव येऊन कॅमेरा परत दिला. दिघे मात्र खूश. सगळे फोटो शेवटपर्यंत बघणारा तो पहिलाच माणूस!

मग सौदीकरण आमच्या मजल्यावर पोचलं. दिघ्यांच्या जागी सौदी इंजिनिअर येणार, दिघ्यांना फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं मायदेशी. मला वाईट वाटत होतं, त्यांना वेगळीच घाई. रास तनुराच्या जुन्या रस्त्यावरचं एक बंद कॅफेटेरिया पाडणार होते. त्यावरचा निऑनचा लाल बाण कित्येक वर्षं विझलेला.

"जाण्याआधी तो एकदा पेटलेला बघायचाय मला."

कॅफेटेरियाचे म्हातारे मालक अबू सालेह आधी हसले. दिघ्यांनी त्यांच्या घरचा कडू गहवा, म्हणजे अरबी कॉफी, पिऊन पिऊन त्यांना पटवलं.

शेवटच्या शुक्रवारी अबू सालेहनी वायरमन आणला आणि स्वतः खटका ओढला. बाण फडफडला, लागला, पण अर्धाच. म्हातारा टाळ्या वाजवायला लागला.

दिघ्यांनी कॅमेरा उचललाच नाही.

"अहो, काढा ना! विझेल तो," मी ओरडलो.

"इथे फोनची केबिन होती," ते म्हणाले. "नवा होतो तेव्हा दर शुक्रवारी ह्या बाणाखाली रांग लावून आईला फोन करायचो. शेजाऱ्यांकडे यायची ती फोनवर. एकच विचारायची, कायमचा कधी येतोस? मी म्हणायचो, पुढच्या वर्षी. ती गेली त्या वर्षीही मी पुढच्याच वर्षी येणार होतो."

 

दिघे पुढे झाले आणि केबिन होती त्या मोकळ्या जागेत जाऊन उभे राहिले.

"येतोय गं," ते हळूच म्हणाले. "गुरुवारच्या विमानाने. कायमचा."