सोमवारचं पाकीट

बब्रुवान बिघडलेली हार्ड डिस्क आधी कानाला लावतो. तारेने कॉम्प्युटरला जोडायची, कानाशी धरायची, डोळे मिटायचे आणि दुकानातल्या सगळ्यांना गप्प बसवायचं. एकदा त्याने रस्त्यावरच्या कांदेवाल्याला भोंगा बंद करायला लावला होता. मग निकाल येतो. "रडायली बघा," किंवा "नुसती कण्हायली. जगंल."

लातुरात औसा रस्त्याला माझं झेरॉक्सचं दुकान आणि पातळ भिंतीपलीकडे त्याचं. अकरा वर्षं मी हे ऐकतोय. माणूस पन्नाशीचा, रेणापूरकडच्या शेतकरी घरातला, त्यामुळे त्याला डिस्कमध्येही रानच दिसतं. डिस्कवरच्या काही जागा खराब होतात, तिथलं लिहिलेलं वाचता येत नाही. सगळं जग त्यांना बॅड सेक्टर म्हणतं. बब्रुवान म्हणतो, "दोन सऱ्या खडकाळ लागल्यात. रान चांगलं हाय."

त्याचा राग गिऱ्हाइकांवर. डिस्क अडखळली की लोक ती दहादा चालू-बंद करतात, टिचक्या मारतात, शेवटी कुणा भाच्याचं ऐकून तिच्यावर दुरुस्तीचा प्रोग्रॅम चालवतात. एका प्राध्यापकांना त्याने विचारलं होतं, "सर, धाप लागलेल्या माणसाला तुम्ही पळवता का?" सर मान खाली घालून नाही म्हणाले.

त्याची रीत ठरलेली. प्रत्येक डिस्क आपल्या आजारपणाची नोंद स्वतःच ठेवत असते, ती आधी वाचायची. मग खडकाळ जागा ओलांडत चांगल्या भागातलं सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवायचं. खराब जागांकडे अगदी शेवटी वळायचं, तेही थोडं थोडं, मध्ये डिस्क गार होऊ देत. "आधी रास घरी आणा, मग रानाचं बघू," हे तो दिवसातून पाच वेळा ऐकवतो. आणि जी डिस्क मेली ती मेली, असं तोंडावर सांगतो. इतका फटकळ माणूस आमच्या रस्त्यावर दुसरा नाही.

म्हणून कोंडाबाईंच्या बाबतीत मला नवल वाटायचं. औशाच्या या सत्तरीच्या बाई. यजमान शाळेत गुरुजी, निवृत्तीनंतर कॅमेरा गळ्यात अडकवून गावभर फिरले आणि गेल्या वर्षी वारले. त्यांचे सगळे फोटो एका डिस्कवर, दुसरीकडे कुठेही नाहीत. ती डिस्क बंद पडली. बब्रुवानने ती कानाला लावली आणि म्हणाला, "मावशी, लई नाजूक हाय. हप्त्याला एक फोटो निघंल. दर सोमवारी या."

मावशी बसने येऊ लागल्या, धपाटे आणि दही घेऊन. बब्रुवान एक फोटो छापून पाकिटात घालून द्यायचा, मग जेवता जेवता दोघं त्या एका फोटोवर दोन तास बोलायची. एकदा फोटो अर्धाच निघाला. गुरुजी गुडघ्यापासून खाली. मावशींनी फोटो डोळ्यांजवळ नेला. "डावी चप्पल त्यांची हाय," म्हणाल्या. "उजवी माझी." बब्रुवान असा हसला की मी मशीन थांबवून डोकावलो. एरवी तिकडून हसणं ऐकू येत नाही. बायको गेल्यापासून तो भिंतीकडे तोंड करून पाच मिनिटांत डबा संपवतो.

परवा चुलत्याच्या दहाव्याला तो गावी गेला. जाताना किल्ली माझ्याकडे दिली. "भाऊ, मावशी येतील. खणातलं पयलं पाकीट द्या. बाकीच्याला हात लावू नका."

असं सांगितल्यावर कुणीही जे करील ते मी केलं. खणात पाकिटं ओळीने लावलेली, प्रत्येकावर एकेका सोमवारची तारीख, थेट दिवाळीपर्यंत. मागे मावशींची डिस्क, तिच्यावर त्याच्या अक्षरात चिठ्ठी, 'काम पूर्ण'. खालची तारीख मावशी पहिल्यांदा आल्या त्याच आठवड्यातली.

मला संताप आला. म्हातारी बाई उन्हातान्हात बसने येते आणि हा गृहस्थ पाकिटं लपवून बसलाय. मावशी आल्या तशी मी सगळी पाकिटं त्यांच्यापुढे मांडली. "मावशी, फोटो कधीच निघालेत. सगळे घेऊन जा. आता हेलपाटे नकोत."

त्यांनी पहिलं पाकीट उचललं आणि बाकीची माझ्याकडे सरकवली.

"ठावं हाय मला. यवढा येळ लागत नसतो, नातीनं पयल्याच महिन्यात सांगितलं."

"मग?"

"समदे नेल्यावर सोमवारी त्यो जेवंल कुणासंगं?"

धपाट्यांचा डबा त्याच्यासाठी ठेवून त्या निघाल्या. मी तारखा बघून पाकिटं होती तशी लावली आणि दोनदा तपासली. मला माझीच लाज वाटत होती.

मंगळवारी बब्रुवानने किल्ली घेताना विचारलं, "दिलं का पाकीट? काय म्हणाल्या?"

"डिस्क लई नाजूक हाय म्हणाल्या. सावकाश होऊ द्या."

"हाव," तो गंभीरपणे म्हणाला, "तसलीच हाय ती."

दुपारी पलीकडे डबा उघडल्याचा आवाज आला. अकरा वर्षांत पहिल्यांदा मी माझा डबा उचलला आणि त्याच्याकडे जेवायला गेलो.