आग्नेलची शुगर

मेलेल्या माणसाची शुगर किती असते?

हा प्रश्न लेस्लीने आधी फादरांना विचारला. फादर म्हणाले, प्रार्थना कर. मग मेडिकलवाल्याला विचारला. तो म्हणाला, फास्टिंगची की जेवणानंतरची? शेवटी शेजारच्या आल्बिना मावशीला विचारला, तर तिने त्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. उत्तर कुणी दिलं नाही. (आठवीत शाळा सोडलेल्या माणसाचं हे असंच असतं. त्याने विचारलं की डोकं फिरलं, आणि हेच एखाद्या डॉक्टरने विचारलं की संशोधन.)

लेस्लीचा मोठा भाऊ आग्नेल वाडीत केळीच्या घडाला टेकू लावता लावता जरा बसतो म्हणून खाली बसला, तो उठलाच नाही. हार्ट. वाडी, बायको प्रिस्का, आय आणि लेस्ली, सगळं जिथल्या तिथे ठेवून गेला.

आग्नेलची शुगर सापडली होती ती चर्चच्या आवारातल्या आरोग्य शिबिरात. तिथल्या डॉक्टरांनी पहिल्याच झटक्यात तांदळाची भाकरी बंद करायला सांगितली. आग्नेल म्हणाला, "मग काय खाऊ, तुमचं स्टेथोस्कोप?" त्या दिवसापासून तो घरात म्हणायचा, माझ्या आयच्या भाकरीवर आळ आलाय, तो धुऊन काढल्याशिवाय मी स्वस्थ बसायचा नाही. म्हणून त्याच हॉस्पिटलने जेव्हा वसईकरांच्या रोजच्या जेवणाने शुगर किती चढते याचा अभ्यास काढला, तेव्हा सगळ्यांच्या आधी सही ठोकली ती आग्नेलने. तब्येतीसाठी नव्हे. केस जिंकण्यासाठी.

दंडावर रुपयाएवढा एक गोल पट्टा चिकटवायचा. त्याची केसासारखी बारीक सुई कातडीखाली बसते आणि दिवसरात्र शुगर मोजून फोनला कळवते. आपण फक्त प्रत्येक ताटाचा फोटो पाठवायचा. दोन आठवडे. हॉस्पिटलची क्षितिजा नावाची मुलगी घरी येऊन पट्टा लावून गेली, पडलाबिडला तर असू द्या म्हणून एक जादा पट्टाही डब्यात ठेवून गेली.

दोन आठवडे पुरे व्हायच्या आतच आग्नेल गेला. लग्नातला सूट घालून त्याला पुरला. सुटाच्या बाहीखाली पट्टा तसाच राहिला, आणि त्या गडबडीत तो कुणाच्याच ध्यानात आला नाही.

ध्यानात आला तो फोनमुळे. घरात रडारड चाललेली, आणि कपाटावरचा आग्नेलचा फोन मधूनमधून टुणटुण वाजतोय. लेस्लीने उचलून वाचलं. 'संपर्क तुटला आहे. फोन सेन्सरच्या जवळ आणा.'

प्रिस्का म्हणाली, "बंद करून टाक रे तो."

"का बंद करू? जवळ आणा म्हणतोय ना?"

पुढचं सगळं या एका वाक्याने झालं. दुसरा कुणी असता तर त्याने फोन बंद केला असता. लेस्लीने तो चार्ज केला आणि दफनभूमीत घेऊन गेला.

कबरीवरची फुलं अजून सुकली नव्हती. लेस्लीने फोन आधी डोक्याच्या बाजूला धरला, मग दंड साधारण कुठे येईल याचा अंदाज घेऊन तिथे धरला, मग गुडघ्यांवर बसून मातीला टेकवला. कबरी खणणारा अँथनी फावडं खांद्यावर टाकून बराच वेळ बघत उभा होता.

"काय करतोस पोरा?"

"रेंज बघतोय."

अँथनीने विचार केला. "कुणाची?"

"दादाची."

"इथे कुणालाच येत नाही," अँथनी म्हणाला. "मला घरी फोन करायचा तरी गेटच्या बाहेर जावं लागतं."

लेस्ली उठला तेव्हा त्याच्या गुडघ्यांना माती लागली होती आणि फोनवर तेच वाक्य होतं. तेवढ्यात तो फोन खरोखरच वाजला.

"हॅलो, आग्नेल सर? क्षितिजा बोलतेय."

"त्याचा भाऊ."

"सरांना द्या ना जरा."

"तो येऊ शकत नाही."

"बिझी आहेत का?"

लेस्लीने कबरीकडे पाहिलं. "नाही. बिझी तर नाही."

"त्यांनी पट्टा काढला का हो?"

"नाही. दंडावरच आहे."

"मग रीडिंग का येत नाहीये?"

"मध्ये माती आहे."

"घराला मातीच्या भिंती आहेत का? हां, मग होतं असं. हे बघा दादा, डब्यात जादा पट्टा आहे तो लावायला सांगा. नाहीतर मला त्यांच्या नावापुढे 'अभ्यास मध्येच सोडला' असं टाकावं लागेल."

सांगणार होता हो लेस्ली. 'तो गेला' हे दोन शब्द त्याच्या ओठांपर्यंत आलेही होते. पण 'मध्येच सोडला' ऐकलं आणि त्याचं टाळकं सरकलं. शाळा मध्येच सोडली ती लेस्लीने. वसईतलं वेल्डिंगचं काम मध्येच सोडलं, सातिवलीच्या गाळ्यात खोकी उचलायला लागल्यापासून तेही तीनदा सोडून परत धरलं, तेसुद्धा लेस्लीनेच. आग्नेलने आयुष्यात ताटात शीत सोडलं नव्हतं.

"मध्येच सोडणारा तो नाही," लेस्ली म्हणाला. "येतील रीडिंग."

घरी येऊन त्याने शर्ट काढला, जादा पट्टा घेतला, आणि पोस्टात शिक्का मारतात तसा आपल्या दंडावर ठोकला. काही वेळाने फोन खूश झाला. आग्नेल थॉमस, शुगर ब्याण्णव.

लेस्लीने ते ब्याण्णव बराच वेळ बघितलं. दादा हयात असता तर त्याने हे फ्रेम करून आल्तारीजवळ, क्रुसाच्या बाजूला लावलं असतं.

आता रीडिंग आलं म्हणजे ताट आलं. लेस्ली आग्नेलच्या खुर्चीवर बसून आग्नेलच्या ताटात जेवायला लागला. तांदळाची भाकरी, सुके बोंबील, वर आणखी भाकरी. भाकरीवरचा आळ धुवायचा तर भाकरी कमी खाऊन कसं चालेल? जेवायच्या आधी तो ताटाचा फोटो काढायचा, आणि खोटं नको म्हणून घास घेताना मनातल्या मनात 'दादाच्या नावाने' म्हणायचा. आय भाकऱ्या थापत राहायची. घरात कुणीतरी जेवतंय हेच तिला पुरे होतं.

प्रिस्काच्या मात्र नजरेत आलं. "तू ताटाचे फोटो कुणाला पाठवतोस रे?"

"दादाचं काम आहे. उरलेलं."

तिने त्याच्या बाहीखालचा गोल उंचवटा पाहिला. ताटात आणखी एक भाकरी टाकून आत गेली.

ऐन विशीतला, दिवसभर खोकी उचलणारा पोरगा. भाकऱ्यांचा ढीग खाऊनही त्याची शुगर जागची हलेना. तिकडे हॉस्पिटलात एकच खळबळ. ज्या माणसाची शुगर गोळ्या घेऊनही उतरत नव्हती, त्याची भाकरी आणि बोंबील खाऊन मुलासारखी झाली होती. अभ्यासाचे मोठे डॉक्टर चंद्रहास यांनी कागदावर आलेख छापून घेतला आणि म्हणाले, या माणसाला मला प्रत्यक्ष भेटायचंय.

ते आले ते नेमके आग्नेलला जाऊन महिना झाल्याच्या मिस्सेच्या दिवशी. मिस्सा आटोपून माणसं चर्चमधून घरी आली होती. अंगणात खुर्च्या, खुर्च्यांवर काळे कपडे, हातात उकडलेल्या चण्यांच्या ताटल्या. डॉक्टर चंद्रहासना वाटलं, घरात काहीतरी समारंभ आहे. ते हसत हसत आत आले. मागे क्षितिजा.

"आग्नेल कुठे आहेत? अभिनंदन करायचंय त्यांचं."

अंगणातलं चणे चावणं थांबलं.

"कसलं अभिनंदन?" आल्बिना मावशीने विचारलं.

"शुगर नॉर्मल आली त्यांची. हे बघा."

मावशीने आलेखाचा कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "कधीची ही?"

"याच महिन्यातली."

मावशीने कागद शेजारणीकडे दिला. "बघ ग. जिवंतपणी ऐकलं नाही मेल्याने. आता आली नॉर्मल."

क्षितिजाला तोवर हार घातलेला फोटो दिसला होता. तिने डॉक्टरांची बाही ओढली. डॉक्टरांनी फोटो बघितला, कागद बघितला, पुन्हा फोटो बघितला. अभ्यास करणाऱ्या माणसाचा चेहरा इतका कोरा झालेला वसईत तरी कुणी पाहिला नसेल.

लेस्ली पुढे आला आणि शर्टाची बाही वर केली.

"माझी आहे. पण नाव त्याचं लिहा. अभ्यास पुरा केला म्हणून लिहा."

"अरे, असं कसं लिहू? रक्त तुझं आहे."

"भाऊ आहे मी त्याचा. रक्त एकच आहे."

"तसं नसतं ते."

"मग कसं असतं? मी विचारलं तेव्हा कुणी सांगितलं नाही."

अंगणातून कुणीतरी "बरोबर आहे" म्हणालं. प्रिस्काने लेस्लीचा खांदा धरला. त्याने तो सोडवून घेतला.

डॉक्टर खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले. "तुझी ही शुगर त्याच्या नावावर गेली तर उद्या आम्ही सांगणार, साखरेच्या पेशंटने कितीही भाकऱ्या खाल्ल्या तरी चालतात. आणि कुठेतरी दुसरा आग्नेल ते ऐकून खाणार. चालेल तुला?"

लेस्लीने वर केलेली बाही खाली ओढली.

"आणि तुझ्या भावाने स्वतः पाठवलेलं आमच्याकडे आहे. इथले बाकीचे लोक काय करतात माहीत आहे? जेवतात मटण आणि फोटो पाठवतात भोपळ्याचा. हा एकटा खरं पाठवायचा. भाकरी तर भाकरी. दुपारी लपून आगाशीची वाळवलेली गोड सुकेळी खायचा, त्याचाही फोटो."

"सुकेळी?" प्रिस्का म्हणाली.

"रोज," क्षितिजा हळूच म्हणाली. "भाकरीने चढते ती टेकडी म्हणा. सुकेळीने चढायची तो तुंगारेश्वरचा डोंगर."

"म्हणजे ती पिशवी उंदरांनी नेली नव्हती तर," प्रिस्का म्हणाली, आणि महिन्याभरात पहिल्यांदा तिच्या तोंडावर हसण्यासारखं काहीतरी आलं. तेच बघता बघता डोळ्यांत गेलं.

"त्याचे ते थोडे दिवस आमच्या अख्ख्या अभ्यासात सगळ्यात खरे आहेत," डॉक्टर म्हणाले. "तुझे त्यात मिसळले तर मला दोन्ही फेकून द्यावे लागतील."

लेस्लीने खाली बघितलं. मग मान वर केली. "काढा माझे. पण 'मध्येच सोडला' लिहायचं नाही."

"मग काय लिहू?"

"मेला म्हणून लिहा. मेला. सोडला नाही."

त्याने हे इतक्या जोरात म्हटलं की रस्त्यावरचा रिक्षावाला वळून बघायला लागला. आग्नेलबद्दल हा शब्द घरातल्या कुणी आजवर उच्चारला नव्हता. 'गेला' म्हणत होते, 'देवाघरी' म्हणत होते, लेस्ली तर काहीच म्हणत नव्हता.

डॉक्टरांनी पेन काढलं. तसा रकाना असतो, म्हणाले. लिहिलं, आणि लेस्लीला दाखवलं. लेस्लीने एकेक अक्षर लावून दोनदा वाचलं.

"आता पट्टा काढून दे," क्षितिजा म्हणाली. "नखाने कड उचल, अलगद येतो."

कड उचलेना. तिने बघितलं, डॉक्टरांनी चष्मा लावून बघितलं. "हे काय लावलंयस?"

"सायकलच्या ट्यूबचं सोल्यूशन," लेस्ली म्हणाला. "मध्येच सुटायला नको म्हणून."

खोबरेल तेल आलं, कोमट पाणी आलं. पट्टा ढिम्म. डॉक्टर म्हणाले, हॉस्पिटलात चला, व्यवस्थित काढू. लेस्ली म्हणाला, नाही, त्याचं काम त्याच्या घरातच संपणार. त्याने दंड आल्बिना मावशीपुढे केला, कारण कोंबड्या सोलण्यात अख्ख्या गावात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

मावशीने दोन बोटांत कड पकडली आणि ओढली.

पट्टा आला. त्याच्याबरोबर दंडावरचे होते नव्हते ते सगळे केस आले. लेस्लीने असा हंबरडा फोडला की बाहेर लोक ताटल्या ठेवून उभे राहिले. सूट घालताना, पेटी उचलताना, माती टाकताना ज्याच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नव्हतं, तो आता आयच्या मांडीवर डोकं ठेवून हुंदके देत होता. दंडाची आग केव्हाच विझली तरी थांबेना. आय त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, प्रिस्का त्याच्या पायाशी बसून राहिली, डॉक्टरांनीही चष्मा काढून पुसला.

आल्बिना मावशी पट्टा हातात धरून उभी होती. तिने खूप वेळ वाट पाहिली.

"पुरे आता रे," ती म्हणाली. "केस येतात परत."