हंस राखणारी आणि काकडीची बरणी

"येत्या शरद ऋतूतल्या बैठकीला 'हंस राखणारी' या इथे, माझ्या तळहातावर असेल! नसली, तर या मिशा मी तुमच्या सगळ्यांदेखत याच टेबलावर उतरवीन!"

हंगेरीतल्या सेगेद शहराच्या पदकसंग्राहक मंडळात बोदोर विल्मोश यांनी ही गर्जना केली, तेव्हा सगळ्यांच्या नजरा त्यांच्या मिशांकडे वळल्या. वजनमापे खात्यातून निवृत्त झालेल्या या गृहस्थांच्या मिशा म्हणजे खात्याचा तराजूच होता. दोन्ही बाजू समान, टोके किंचित वर.

"कात्री मी आणतो," दंतवैद्य हायनाल शांतपणे म्हणाले. "माझ्याकडे निर्जंतुक केलेली आहे."

'हंस राखणारी' हे शौर्याबद्दल छातीवर टाचले जाणारे पदक नव्हे. ते शिल्पपदक होते. हातात घ्यावे, अंगठ्याने चाचपावे, उलटून मागची बाजू पाहावी आणि शेजाऱ्याच्या हाती द्यायला जिवावर यावे, अशी बशीएवढी ब्राँझची चकती. शिल्पकार शारोशी आल्मोश यांची सगळी पदके विल्मोश यांच्या कपाटात मखमलीच्या खळग्यांत बसलेली होती. एकच खळगा रिकामा होता. वीस वर्षे ते दर रविवारी त्या रिकाम्या खळग्यातली धूळ मऊ कुंचल्याने झाडत. पत्नी इर्मा म्हणे, "माझ्या आईच्या फोटोवरची धूळ एकदा तरी अशी झाडली असतीस!"

ते पदक होते शारोशींच्या विधवेकडे, पण तिच्यापर्यंत पोचणार कोण? पिरोश्काबाई जन्मभर शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. संग्राहकांचा त्यांना विलक्षण तिटकारा. हायनाल एकदा फुले घेऊन गेले होते. बाईंनी बागेच्या नळीने फुलांना पाणी घातले. फुले डॉक्टरांच्या हातात असतानाच!

विल्मोश यांची युक्ती साधी होती. बाईंच्या फाटकावर 'जर्दाळू मिळतील' अशी पाटी असे. ते पिशवी घेऊन गेले, जर्दाळू मागितले, आणि सहज खिडकीकडे पाहिले.

खिडकीच्या कठड्यावर, भर उन्हात, आंबवायला ठेवलेल्या काकड्यांची भली मोठी काचेची बरणी होती. आत मीठपाणी, शेपूच्या जुड्या, लसूण, वर पावाची फोड. बरणीच्या तोंडावर बशी. आणि बशी हलू नये म्हणून तिच्यावर वजन म्हणून ठेवलेली...

संग्रहालयात त्याचा प्लॅस्टरचा नमुना विल्मोश यांनी शेकडो वेळा पाहिला होता. पाठमोरे चाललेले सात हंस, सात गुबगुबीत बुडे. ती 'हंस राखणारी'ची मागची बाजू होती! जन्मभर वजने तपासलेल्या माणसाच्या डोळ्यांदेखत कलेचा कळस बरणीवरचे वजन झाला होता! आंबट वाफ बशीच्या कडेने वर येत होती आणि हंसांच्या शेपट्या हळूहळू खात होती.

"काय झालं? ऊन लागलं का?" पिरोश्काबाईंनी विचारले.

"नाही... त्या काकड्या," विल्मोश कसेबसे म्हणाले. "फारच... सुंदर आहेत."

बाईंच्या करड्या चेहऱ्यावर किंचित ऊन पडले. "मग बसा की! खाऊनच जा."

इथे एक घोळ होता. विल्मोश यांना आम्लपित्त होते. निदान इर्माला तरी ते वीस वर्षे तसे सांगत आले होते. लग्नानंतर पहिल्याच उन्हाळ्यात इर्माच्या काकड्या त्यांना रुचल्या नाहीत, आणि 'आवडल्या नाहीत' म्हणण्याची छाती नसल्याने त्यांनी पोटावर हात ठेवला होता. तेव्हापासून इर्मा दर उन्हाळ्यात आपली बरणी एकटीच संपवत असे आणि एका बशीत वरणासारखा मऊ भोपळा नवऱ्यापुढे ठेवत असे.

पण आता पर्याय नव्हता. विल्मोश यांनी हिशेब केला की बरणी रिकामी झाली, तर वजनाचे काम संपेल. ते वजन बाई कुठेतरी बाजूला ठेवतील, आणि मग "हे काय बरे?" असे भोळेपणाने विचारता येईल. त्यांनी तीन बश्या काकड्या खाल्ल्या. दोन दिवसांनी परत तीन. जुलैच्या मध्यावर बरणी संपली!

"असा खाणारा माणूस आल्मोशनंतर प्रथमच पाहिला!" बाई गहिवरून म्हणाल्या, आणि त्याच दुपारी नवी बरणी भरली. बशी ठेवली. भाकरी परतावी तसे पदक परतून वर ठेवले. आता हंस खाली गेले आणि दर्शनी बाजूवरच्या पोरीचा चेहरा आकाशाकडे आला. विल्मोश यांच्या तोंडून हुंदका निघाला, पण त्यात शेपूचा ढेकर मिसळल्यामुळे तो बाईंना पावतीसारखा वाटला.

समोरच्या आईस्क्रीमच्या दुकानात बसून हायनाल हे सारे पाहत होते. त्यांच्या मिशा पणाला नव्हत्या, तरी झोप उडाली होती. ऑगस्टच्या आरंभी इर्मा दाढ दाखवायला त्यांच्याकडे गेली. तोंड उघडे, गालात कापसाचे बोळे, वर यंत्राची घरघर, अशा स्थितीत डॉक्टर गोड आवाजात म्हणाले, "बोदोरसाहेबांची तब्येत आता छान दिसते हो. शारोशीबाईंकडे तीन-तीन बश्या काकड्या खातात. नवी बरणी त्यांच्यासाठीच भरली म्हणे."

"आँ?" इर्मा म्हणाली.

"हो ना. तोंड मोठं उघडा."

नवऱ्याने दुसऱ्या बाईकडे कॉफी घेतली असती, तर इर्माने ते हसण्यावारी नेले असते. पण दुसऱ्या बाईच्या काकड्या! घरच्या काकड्यांना वीस वर्षे पाठ दाखवून! घरी येऊन तिने त्याचे सदरे हुंगले. शेपू. रुमाल हुंगला. लसूण. तिने रात्री मऊ भोपळा वाढला आणि तो कसा गिळला जातो ते एकटक पाहत राहिली.

आणि नेमके दुसऱ्याच दिवशी पिरोश्काबाईंनी विल्मोश यांच्या हाती घराची किल्ली दिली! "आठवडाभर बहिणीकडे बालातोन सरोवरावर जाते. बरणी उन्हात सरकवायची, पाऊस आला तर आत घ्यायची. तुमच्याइतकी काळजी कोण घेणार?"

चोरी करण्याचा विचार विल्मोश यांच्या मनाला शिवलाही नाही. ते प्रामाणिक माणूस होते. कसायाच्या तराजूखाली चिकटवलेली लोखंडाची चकती शोधून काढण्यात त्यांची सारी नोकरी सरली होती. त्यांनी ठरवले ते असे: पदक वाचवायचे. त्यावरची घाण साफ करायची. बाई परत आल्या की लखलखते पदक त्यांच्या हाती ठेवायचे. मग त्या भारावून म्हणतील, "घ्या, तुम्हीच याचे खरे वारस!"

त्यांनी तिसा नदीच्या काठावरून एक गोल गोटा आणून बशीवर ठेवला. बाईंचा एप्रन बांधला. सोडा घेतला, लिंबू घेतले, घरून येताना न्हाणीघरातून उचललेला ब्रश घेतला आणि तासभर घासले. हिरवे, तपकिरी, काळपट सारे पाणी मोरीतून वाहून गेले. पदक नव्या घंगाळासारखे झळकू लागले. पोरीच्या गालात विल्मोश यांना आपल्या मिशा दिसल्या!

"एप्रन कोणाचा?"

ते दचकून वळले. दारात इर्मा उभी होती.

"इर्मा! अग, मी पदक वाचवतोय!"

"एप्रन कोणाचा, विल्मोश?"

"बाईंचा. पण बाई इथे नाहीतच!"

"आणि ब्रश?"

विल्मोश यांनी हात पाठीमागे नेला. ब्रश इर्माचा होता. दात घासायचा.

"वीस वर्षं! वीस वर्षं मी तुझ्यासाठी भोपळा शिजवते! आणि आम्लपित्त फक्त माझ्याच काकड्यांनी होतं?"

"हळू बोल ग, शेजारी ऐकतील..."

"ऐकू देत! हायनालच्या खुर्चीत मी तोंड उघडं ठेवून हे ऐकलं. मला ओरडताही आलं नाही!"

एवढ्यात मागे बॅग आपटल्याचा आवाज झाला. बहिणीशी दुसऱ्याच दिवशी भांडून पिरोश्काबाई परतल्या होत्या. त्यांनी इर्माकडे पाहिले. एप्रनकडे पाहिले. मग बरणीवरच्या गोट्याकडे, आणि शेवटी त्या लखलखाटाकडे. त्या मटकन खुर्चीवर बसल्या.

"हे कोणी केलं?"

"मी," विल्मोश म्हणाले. "वाचवलं, बाई. त्या वाफेपासून."

"शारोशीची हिरवी झाक. त्या झाकेवर मंडळाच्या अंकात लांबलचक लेख लिहिणारे बोदोर तुम्हीच ना? इटलीहून मागवलेलं गुप्त आम्ल आणि काय काय?"

"हो," विल्मोश खोल गेलेल्या आवाजात म्हणाले. त्यांना काहीतरी भयंकर उमगू लागले होते.

"काकड्या, बोदोरसाहेब! काकड्या! मीठ, आंबलेलं पाणी, लसणातलं गंधक. आल्मोशची आम्लं लावली की पदकं दवाखान्याच्या भिंतीसारखी दिसायची. एकदा चुकून एक पदक बरणीवर राहिलं, तेव्हापासून त्याची प्रत्येक चकती माझ्या खिडकीत पिकली. ही शेवटची. अर्धीच झाली होती आणि तो गेला. मी पुरी करत होते."

बरणीत एक बुडबुडा फुटला. विल्मोश यांनी सावकाश एप्रन सोडला, घडी घातली आणि टेबलावर ठेवला. मिशांचे त्यांना काहीच वाटले नाही. एका मेलेल्या माणसाचे अपुरे काम आपण सोड्याने धुऊन टाकले, एवढेच त्यांना कळत होते.

"बाई, मला नळीने भिजवा," ते म्हणाले. "मी बागेत उभा राहतो."

बाईंचे खांदे हलू लागले. इर्मा घाबरून पुढे झाली. "रडू नका हो! हा मूर्ख आहे, पण मनाने..."

पण बाई हसत होत्या! डोळे पुसत, टेबल बडवत हसत होत्या. "माझ्या काकड्यांसाठी येतो असं वाटलं होतं मला! आता आठवतंय, आरशात कधी पाहिलं होतं का त्यानं, खाताना काय तोंड होत होतं ते?"

"म्हणजे तुमच्याही याला आवडल्या नाहीत?" इर्माने आशेने विचारले.

"एकही नाही! पण बिचारा डोळे मिटून गिळत होता. पदकासाठी इतकं कोणी केलं नव्हतं. बाकीचे सरळ किंमत विचारतात." मग त्या पदक हातात घेऊन गंभीर झाल्या. "काही बिघडलेलं नाही. धातू आहे तो, चिडत नाही. परत ठेवलं की परत येईल. लागतील दोन-चार उन्हाळे. माझ्याने आता बरणी उचलवत नाही." त्या इर्माकडे वळल्या. "तू शेपू घालतेस?"

"भरपूर. आणि द्राक्षाचं पान."

"पान? हं. चालेल. घे, तू ने हे. याच्या हाती देऊ नकोस. हा धुतो."

विल्मोश यांच्या छातीवरून कोणीतरी दोन मणांचे वजन उचलले. पदक त्यांच्या घरी येत होते! जरी त्यांच्याकडे नव्हे, तरी त्यांच्या घरी! दारातून बाहेर पडताना इर्मा गोड आवाजात म्हणाली, "आणि आम्लपित्त?"

"बरं झालंय बहुतेक," ते म्हणाले.

ऑक्टोबरची बैठक बोदोरांच्याच घरी भरली. विल्मोश यांनी मंडळींना स्वयंपाकघरात नेले, मोसमातल्या शेवटच्या बरणीवरून पदक उचलले आणि तळहातावर ठेवले. पोरीच्या केसांत नुकती कुठे हिरवी छटा धरू लागली होती. इर्माने मनात सावकाश दहा मोजले आणि पदक काढून परत बशीवर ठेवले. हायनालांनी कात्री मुकाट्याने खिशात सरकवली. मिशा वाचल्या!

तासाभराने मंडळी काकड्यांवर तुटून पडली असताना डॉक्टर दिवाणखान्यात संग्रहाच्या कपाटापुढे एकटेच उभे दिसले. इतकी वर्षे रिकाम्या असलेल्या खळग्यात इर्माने तिसेचा तो गोटा ठेवला होता. धूळ बसू नये म्हणून. डॉक्टरांनी तो तळहातावर घेतला होता. अंगठ्याने चाचपून, उलटून त्याची मागची बाजूही पाहिली होती.

"बोदोर," ते दबक्या आवाजात म्हणाले, "हे कधी मिळवलंत? माझी व्हिएन्नाची दोन पदकं देतो याच्या बदल्यात."

"डॉक्टर, दगड आहे हो तो."

"ते दिसतंय मला. पण कोणाचा?"

विल्मोश यांनी दोन्ही मिशा बोटांनी सारख्या केल्या. "तिसेचा," ते म्हणाले, आणि पोटावर हात ठेवून आपल्या वाट्याची काकड्यांची बशी संपवायला आत गेले.