बेल्ह्याला मंडळी बसतात

सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास लोणीचा हौशीराम बेल्ह्याच्या बैलबाजारात टेम्पोतून उतरला. त्याला बैल घ्यायचा नव्हता. त्याला दारू सोडायची होती.

बायको इंद्रायणी मढला माहेरी जाऊन राहिली होती आणि तिची अट साधी होती. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलेल्या दारूमुक्तीच्या मीटिंगला जायचं आणि तिथल्या एखाद्या जुन्या माणसाला फोनवर तिच्याशी बोलायला लावायचं. मग ती विचार करणार होती. डॉक्टर म्हणाले होते, "बेल्ह्याला बाजाराच्या दिवशी मंडळी बसतात. नाव-गाव कुणी विचारत नाही." कुठे बसतात, हे विचारायला हौशीराम लाजला. बेल्हं केवढंसं, सापडेल, असं त्याला वाटलं.

बाजारात ओळखीचे चेहरे बरेच होते. म्हणून त्याने चहाच्या गाडीवाल्याला आवाज खाली घेऊन विचारलं, "भाऊ, ती मंडळी कुठं बसत्यात?"

"कंची मंडळी?"

"ती, दारूची."

"मग कानात कशाला सांगता पावणं? आज बाजार हाय, समदेच बसत्यात. पेंडीच्या दुकानामागं पत्र्याचं शेड हाय, तिथं जावा."

"तसं नाय. मला सोडा..." शेजारचा बैल हंबरला आणि पुढचं त्यात गेलं.

"सोडा बी मिळतो तिथं," गाडीवाला म्हणाला. "थंड असंल का, ते सांगत न्हाई."

शेडपाशी पोचण्याआधीच वास आला. इंद्रायणी गेल्यापासून हौशीरामने घोटभरही घेतली नव्हती. त्याचे पाय जागीच थबकले. आपली परीक्षा बघायला मंडळी मुद्दाम गुत्त्यात बसत असतील, अशी त्याने मनाची समजूत काढली आणि दारातल्या पोऱ्याला सोडून थेट मालकालाच विचारलं, "मीटिंग हितंच का?"

"आत चालूय," मालक म्हणाला. "तुमाला उशीर झाला. बाकीचे सकाळधरनं बसल्यात."

हौशीराम आत डोकावणार, तोच मागून हाक आली. "दाजी?"

मागे मेव्हणा उभा होता. सुदर्शन मढहून बैल विकायला आला होता आणि बैलाला घालायला पेंड घेत होता.

"मीटिंगला आलोय," हौशीराम म्हणाला.

तेवढ्यात आतून एक गृहस्थ भिंतीचा आधार घेत बाहेर आले आणि जाताना हौशीरामच्या गळ्यात पडून रडले. सुदर्शनने त्यांना पुढे जायला वाट दिली.

"दिसतंय," तो म्हणाला. "ताईला सांगतो, मन लावून चाललीय मीटिंग." पेंडीचं पोतं तिथेच ठेवून तो फोनच्या बूथकडे निघाला.

हौशीराम उभा राहिला. नाव तर गेलंच होतं, आता घेतली काय आणि न घेतली काय. त्याने उंबऱ्यावर पाय ठेवला.

"पावणं, मीटिंग शोधताय का?"

समोर स्टुलावर चहाचा कप घेऊन एक पिकल्या दाढीचा माणूस बसला होता. जुन्नरहून चपलांचा टेम्पो घेऊन बाजाराला येणारे ते तय्यबभाई.

"खरी मीटिंग तिकडं हाय, पतसंस्थेच्या मागच्या खोलीत," ते म्हणाले. "पण मंडळी कुठं बसत्यात, असं कुणी इचारलं की बाजार त्याला हिकडंच धाडतो. आमी पयलं खोलीत वाट बघत बसायचो, नवं माणूस एक येईना. मग मीच हितं बसाया लागलो. आता खोलीत सतरंजी पुरत नाय."

खोलीत हौशीराम सगळ्यांसमोर बोलला. गुत्त्याच्या उंबऱ्यावर पाय ठेवला होता, तेही सांगितलं. कुणी हसलं नाही. एकजण फक्त म्हणाला, "मला बी तिथनंच आणला."

मग तय्यबभाई त्याच्याबरोबर बूथवर आले. मढला शेजारच्या लंकाबाईंकडे फोन लागला. इंद्रायणी आधीच तिथे उभी होती.

"ताई, मी मीटिंगमधला तय्यब. तुमचे मालक आज आमच्याकडं येऊन गेले."

"ते कुठं सापडले तुमाला?"

तय्यबभाईंनी हौशीरामकडे पाहिलं. हौशीरामने मान हलवून नको नको म्हटलं. पण मीटिंगमध्ये आल्यापासून तय्यबभाईंनी खोटं बोलणंही सोडलं होतं.

"गुत्त्याच्या दारात," ते म्हणाले.

"आन् तुमी तिथं काय करत व्हता?"

"मी? मी दर सोमवारी तिथंच बसतो."

तय्यबभाई घाईघाईने म्हणाले, "पण ताई, त्यांनी घेतली नाय. मी सोता त्यांच्या तोंडाचा वास घेतलाय." एवढ्यात फोन कट झाला. वाक्यातलं किती तिकडे पोचलं, ते बूथवाल्यालाही सांगता आलं नाही.

दुपारी हौशीराम लोणीला परतला. त्याने घर झाडलं, पाणी भरलं आणि न राहवून पंचायतीजवळच्या फोनवरून लंकाबाईंना विचारलं.

"गेली की," लंकाबाई म्हणाल्या. "लोणीला जायला आळेफाट्याच्या एसटीत बसली."

"राहायला येतीय का उरलेलं सामान न्यायला?"

"ते काय बोलली न्हाई."

"हातात काय व्हतं?"

"पिशवी. मोठी."

"भरलेली का रिकामी?"

"गाडीला लई गर्दी व्हती, हौशीराम," लंकाबाई म्हणाल्या. "डोक्यावर धरली व्हती, एवढंच दिसलं."

एसटी वाटेतल्या ओतूरच्या पुढे गेल्याचं संध्याकाळी कळलं. त्यानंतरची बातमी नाही.