आबांची अरबी

आमच्या समोरचे बापूआबा केळं बुडाकडून सोलतात. देठाकडून सोलणारा दिसला की त्यांना राहवत नाही. एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी नवरदेवाच्या मामांच्या हातातलं केळं काढून घेतलं, उलटं केलं, सोललं आणि परत दिलं. वर समजावलं, "देठ धराले ऱ्हास."

शिरपुरात त्यांनी जन्मभर केळीचा व्यापार केला. त्यांचे खोके पार आखातात जात. त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट त्यांच्या लेखी केळीचा घड. कुणाच्या मुलीचं लग्न जमत नसो, की दोंडाईच्याची बस येत नसो, आबांचं उत्तर एकच, "दम खा, पिकू दे."

मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो, म्हणून गल्लीला मी मास्तर. एका रविवारी आबा पोराने पुण्याहून पाठवलेला लॅपटॉप काखेत मारून हजर झाले.

"मास्तर, माले अरबी लिखनी शे."

"अरबी? कसाले, आबा?"

"काम शे."

मला वाटलं, धंदा पुन्हा सुरू करताहेत. मोबाइलवर लिहा म्हटलं, तर अंगठा पुढे केला. तो अंगठा एका दमात तीन अक्षरं दाबणाऱ्यातला. मग मी सेटिंगमध्ये जाऊन भाषा शोधली. अरबीपुढे देशांची ही लांब रांग! आबांनी खोका निवडावा तसं बोट ठेवलं, "इराक."

बटणांवर अरबी अक्षरं नव्हती. स्टिकर मागवू म्हटलं, तर आबांनी घरून कोऱ्या गोल स्टिकरचं रीळ आणलं. केळीवर लावायचे, धंद्यातून उरलेले. मी अक्षरं काढून दिली, त्यांनी ती एकेका बटणावर दाबून बसवली. लॅपटॉप आता बाजारात पाठवायला तयार दिसत होता.

पहिलं बटण दाबताच ते दचकले. "अरे, हाऊ तर उलटा पळी ऱ्हायना!"

"अरबी उजवीकडून लिहितात, आबा."

"बुडाकडून! मंग बराबर शे."

दुसऱ्या दिवशी सकाळीच हाक आली. लॅपटॉप पासवर्ड घेत नव्हता. कीबोर्ड अरबीतच राहिला होता आणि आबा शांतपणे त्याला "दम खा" सांगत बसले होते. पण अक्षरांवर मात्र ते खूश. अरबीत पुढचं अक्षर आलं की आधीचं आपलं रूप बदलून त्याला चिकटतं. "मास्तर, हाई तर आपली गल्ली शे! शेजारी वना का तोंड बदलस."

आठवडाभर ते मी दिलेला अक्षरांचा तक्ता समोर ठेवून सराव करत होते. मग एका दुपारी घाईने बोलावणं आलं. "प कुठे शे?"

"अरबीत प नाही."

"मंग 'पिकने दो' कसं लिखू?"

"ब लिहा."

"बिकने दो?" आबा खो खो हसले. "तो बी असंच म्हनस!"

"कोण? आणि तुम्ही हिंदी का लिहिताय?"

आबांनी चष्मा काढला आणि सांगितलं. इराकातल्या बसऱ्याला त्यांचे खोके उतरवून घेणारा हैदर. हिंदुस्थानी कामगारांत राहून हिंदी बोलायला शिकलेला. धंदा बंद झाला, फोन बंद झाला नाही. आबांना तो 'याबा' म्हणतो, तिकडे बापाला तसंच म्हणतात म्हणे. मागच्या दुखण्यात त्याचे कान गेले.

"तो बोलस, मी वरडस. त्याले काही आयकू येत नही आते. वाचता अरबीच येस."

"आबा, भाषांतर फोन करून देतो की."

"अरबीमा त्याले बठ्ठा लोक भेटतीन. आम्ही दोघं आमनी हिंदीमा बोलतस."

आबांनी एका बोटाने, तक्त्याशी ताडून पाहत, अरबी अक्षरांत पहिला मेसेज लिहिला, 'हैदर, मैं आबा', आणि पाठवला.

थोड्या वेळाने उलट व्हॉइस मेसेज आला. आधी लांबच लांब हसू. मग स्वतःला ऐकू न येणाऱ्या माणसाचा, खोलीभर घुमणारा आवाज, "याबा! खाना खाया?"

आबांचं बोट बटणावर गेलं आणि तिथेच थांबलं.

"काय झालं? अक्षर सापडत नाही?"

"सापडनं." ते ओशाळून म्हणाले, "आजून जेवनू नही. खोटं कसं लिखू?"

आबांची बायको अक्का गेल्यापासून त्यांच्या दुपारच्या जेवणाचं काही खरं नसतं, हे साऱ्या गल्लीला माहीत होतं. विचारायचं मात्र कुणालाच सुचलं नव्हतं, समोर राहणाऱ्या मलाही.

ते उठून आत गेले. ओट्याजवळ उभ्यानेच सकाळची भाकरी त्यांनी मिरचीच्या ठेच्याशी खाल्ली. मी जाऊन पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यांनी हात धुतले, पंच्याने बोटं कोरडी केली, आणि पुन्हा बसून उजवीकडून दोन अक्षरं लिहिली.

हां.