घरट्याकडे पाठ करून

कासव वाचवायचं तर सगळ्यात आधी समिती लागते. कासवं दहा कोटी वर्षं समितीशिवाय अंडी घालत आली, हे खरं. पण त्या काळातलं एकही इतिवृत्त उपलब्ध नाही, त्यामुळे ते काम नीट झालं असं म्हणता येत नाही.

आमची समिती अकरा जणांची. अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक, उपाध्यक्ष बर्फाच्या कारखान्याचे मालक, आरोग्यप्रमुख दवाखान्यातला कंपाउंडर. चिटणीस मी. पात्रता : मोबाईलवर मराठी टाइप करता येतं. (कासव पाहिलेलं नव्हतं. अर्जात तसा रकाना नव्हता.)

एका सकाळी वाळूत दोन खुणा दिसल्या. छोटा ट्रॅक्टर समुद्रातून वर येऊन परत गेल्यासारख्या. दोन्हींमध्ये वीस पावलांचं अंतर.

माझा मामा किनाऱ्यावर जाळी शिवतो. तो म्हणाला, "कासवीण एकच आहे. इथे ती नुसती येऊन वळली. अंडी पलीकडे घातलीत."

समितीने दोन्ही जागांचा तौलनिक अभ्यास केला. पहिली जागा गाड्या लावायच्या मैदानाला जवळ पडत होती. सबब अंडी तिथेच आहेत, असा ठराव नऊ विरुद्ध दोन मतांनी झाला. (मी नऊमध्ये. मामाला मत नव्हतं, त्याने फॉर्म भरला नव्हता.)

"अरे, हात घालून बघा की," मामा म्हणाला.

पण नियम क्रमांक पाच : अंड्यांना हात लावू नये. तो आम्ही शेवटपर्यंत पाळला. अध्यक्षांच्या माहितीपुस्तिकेत एका घरट्यात सरासरी ११२ अंडी दिली होती, म्हणून रजिस्टरमध्ये ११२ लिहिली. एकदा शाईने लिहिल्यावर ती तिथे नसायचं काही कारण उरलं नाही.

मग बांबू, जाळी, फलक. पहारा दोन पाळ्यांत, शिट्टी एकच. पहारेकऱ्याने घरट्याकडे पाठ आणि लोकांकडे तोंड करून उभं राहायचं, कारण धोका लोकांपासून असतो. कंपाउंडर रोज दवाखान्यातला थर्मामीटर वाळूत खुपसून नोंद करायचा : "ताप नाही."

पन्नास दिवस त्या वाळूच्या केसालाही धक्का लागला नाही. इतकी सुरक्षित वाळू मी आजवर पाहिलेली नाही.

या काळात मामा मात्र पलीकडच्या जागेवर बसून जाळी शिवत होता. कुत्रं आलं की ढेकूळ मारायचा. सार्वजनिक जागेवर अतिक्रमण म्हणून समितीने त्याला तीन नोटिसा दिल्या. टाइप मीच केल्या. तिसरी तर छानच जमली होती. मामाला वाचता येत नाही, म्हणून मीच वाचून दाखवली. तो म्हणाला, "चांगलं लिहितोस रे," आणि सुतळी ओढत राहिला.

घरी आईने विषय काढला. "माझा भाऊ शाळेत गेला नाही, पण बसायचं कुठे ते त्याला कळतं. तुला अजून खुर्ची लागते."

हे मत वैयक्तिक असल्याने इतिवृत्तात घेतलं नाही.

पंचावन्नाव्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता समितीने पिल्लांचं समुद्रार्पण ठेवलं. (पिल्लांना कळवलेलं नव्हतं.) ऐंशी खुर्च्या, एक बॅनर, जाड जाजम. हे सगळं मांडायला सपाट जागा एकच होती.

"मामा, आजच्या दिवस ऊठ."

"उठतो. पण जाजम इथे नको घालू. आज-उद्यात निघतील ती."

"मग पाहुणे बसणार कुठे?"

"त्यांना पाय आहेत ना? उभे राहतील."

मी म्हणालो, वर विचारतो. विचारलं नाही. अध्यक्ष भाषण पाठ करत होते. मामा उठला, आम्ही जाजम घातलं.

भाषण पंचेचाळीस मिनिटं चाललं. ऊन उतरलं. वाळू गार झाली की पिल्लं निघतात, असं पुस्तिकेत आहे. म्हणून सगळे कुंपणाभोवती गोळा झाले. अर्धा तास वाळूत काहीही हललं नाही. शेवटी अध्यक्षांनी जाहीर केलं की पिल्लं जमिनीखालून थेट समुद्राला मिळाली असावीत. टाळ्या झाल्या. फोटोची वेळ झाली.

मागे बॅनर यावा म्हणून मी समितीला खुर्च्यांच्या पुढे उभं केलं. कॅमेरा माझ्या हातात, म्हणजे जाजमाकडे तोंड असलेला मी एकटाच. मला दिसलं. जाजम हलत होतं. खालून कुणी मुठी मारल्यासारखं, बारीक बारीक. मामा खुर्च्या भिरकावत आला, गुडघ्यावर बसला आणि जाळीच्या सुरीने जाजम फाडायला लागला.

त्या क्षणी समितीचा चिटणीस या नात्याने मी जे बोललो, ते असं : "मामा, जरा बाजूला हो ना, फ्रेममध्ये येतोयस."

तो झाला नाही. मी तसाच फोटो काढला.

छप्पन्न पाण्यापर्यंत पोचली, मामा म्हणाला. बाकीची किती ते त्याने सांगितलं नाही, ओंजळ पुढे केली. काड्यापेटीएवढी असतात. मी पहिल्यांदाच बघत होतो.

रजिस्टरमध्ये मी लिहिलं : ११२ पैकी ११२.

फोटो त्याच दिवशी टाकला. सहा हजार लोकांना आवडला. खाली नऊशे अभिनंदनं आहेत, त्यांत तुमचंही आहे, बदामासकट. मी नाव बघितलं.

आता परत उघडा तो. आमचे चेहरे सोडा. उपाध्यक्षांच्या कोपरामागे, उलट्या खुर्चीपाशी एक माणूस गुडघ्यावर बसलाय. तिथे मोठं करून बघा. तुमच्या मोबाईलवर सगळं स्वच्छ दिसतं. त्या दिवशीही दिसतच होतं.